लाल गाडीचा नंबर

मामाजी, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसंही आता मोताळ्यात फारशी उरली नाहीत. मी तुमच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढं निघून आले. काल नातू जुनी मोटारसायकल पाहून आला आणि मी सहज विचारलं, "चासीचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला का रे?" तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. मग त्याला ती गोष्ट सांगावी लागली. सांगताना लक्षात आलं, ती तुम्हालाच पूर्ण सांगायची राहून गेली आहे.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी वडनेर भोलजीहून या घरात आले त्याला चार वर्षं होत होती, आणि या चार वर्षांत तुम्ही सासरे आणि मी सून, समोरासमोर चार वाक्यंही बोललो नव्हतो. तशी रीतच होती. तुम्हाला काही हवं असलं की तुम्ही सासूबाईंना सांगायचात, त्या मला. खामगावला मामाकडं राहून मी मॅट्रिक झाले होते, पण या घरात त्याचा उच्चार कोणी करत नसे. चुलीपुढं इंग्रजीचं काय काम?

आणि एक दिवस ती गाडी आली. लाल, बुटकी, वर टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी. सारं गाव म्हणालं, शर्यतीची गाडी. कोण्या मोठ्या साहेबाची होती, तो विलायतेला परत गेला, असं शहरातून आलेला दलाल सांगत होता. यांनी ती आधीच कुठंतरी पाहिली होती आणि तेव्हापासून यांना जेवण गोड लागत नव्हतं. तुम्ही विरोध केला नाहीत. एकुलता लेक, कापूसही त्या साली चांगला पिकला होता. तुम्ही फक्त मलकापूरहून कापसाच्या जिनातला मिस्त्री बोलावलात, आणि सकाळीच सासूबाईंना म्हणालात, "नंबर सूनबाई वाचीन. लेकाचं मन त्या गाडीत जाऊन बसलं, थो काय वाचते!"

हे मी आतून ऐकलं. थोड्या वेळानं हे स्वयंपाकघरात आले. मी भाकरी थापत होते. "हे पाहा," ते म्हणाले, "बाबाले गाडी घ्यायचीच नाई. कारण शोधून राह्यले ते. एखादा आकडा इकडंतिकडं दिसला तरी जुळते म्हणजो." मी मान हलवली. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच खाल्ली.

मग तुमची हाक. हात धुऊन, पदर नीट करून मी अंगणात आले तेव्हा अर्धं गाव उभं होतं. बाया कुडाआडून पाहत होत्या. इंजिनावरचा नंबर मी वाचला, तो गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी बरोबर जुळला. दलाल म्हणाला, झालं की. मिस्त्री मात्र पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. "इंजन काय, कोनी बी काढून दुसऱ्या गाडीत घालते," तो म्हणाला. "असली नंबर चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडावर ठोकेल असते. अन् इथंच हा नवा काळा रंग कायले फासला?" त्यानं रॉकेलची चिंधी घेतली आणि घासत बसला. रंग सुटत गेला तसे आकडे वर आले. मिस्त्रीलाही इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते, तुम्ही मला खुणावलंत. मी गुडघे टेकले, वाकले आणि पाहिलं. पुस्तकात जिथं आठ होता तिथं लोखंडावर तीन होता. शेवटचा आकडाही वेगळा.

हे गाडीच्या दाराला हात लावून उभे होते. मी म्हणाले, "जुळते, मामाजी."

आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. तुम्ही बिडी विझवलीत, माझ्याजवळ आलात, आणि चार वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात. "पोरी, उनात डोये दिपतात. घाई नाई. पुन्हा एक डाव वाच. एकेक आकडा, मोठ्यानं."

मी पुन्हा वाकते. पहिला आकडा वाचते, दुसरा वाचते. तिसऱ्यापाशी थांबते. एकदम खोटं बोलणं सोपं असतं, एकेक आकडा करून ते जमत नाही. "तीन," मी म्हणते. "पुस्तकात आठ आहे." आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, मी कागद आणि पेन्सिल मागितली. लहानपणी नाण्यावर कागद धरून घासायचो, तसा तो नंबर कागदावर उतरवून घेतला आणि पुस्तकाशेजारी धरला. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण दोन आकृत्या सारख्या नाहीत हे कुणालाही दिसलं असतं. तुम्ही बराच वेळ दोन्हींवरून बोट फिरवत होतात.

दलाल भडकला. "अहो, घरातल्या बाईच्या सांगण्यावर व्यवहार मोडता? तिला काय कळतं गाडीतलं?"

"गाडीतलं नसन समजत," तुम्ही शांतपणे म्हणालात. "आकडे समजतात. अन् तुम्ही आकडेच दडवून राह्यले." मिस्त्री हात पुसत म्हणाला, कागद आणि इंजिन एका गाडीचं आहे, बाकीची गाडी दुसरीच आहे, ती कुठून आली ते देव जाणे. दलाल ऊन उतरायचीही वाट न पाहता निघून गेला.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलात. त्याआधी कधी आला नव्हतात. "पहिल्या डावाले तू खोटं बोलली," तुम्ही म्हणालात. "आवाजावरून समजलं मले. दुसऱ्या डावाले खरं बोलली, म्या थेच धरलं. पन एक ध्यानात ठेव. माह्या घरात कोनाच्या भेवानं काही वाचायचं नाई. लेकाच्याही नाई, माह्याही नाई." मी रडत होते. तुम्ही तांब्याभर पाणी मागितलंत, प्यायलात, आणि गेलात.

हे माझ्याशी पाच-सहा आठवडे बोलले नाहीत. मग बातमी आली की तीच गाडी दुसऱ्या गावी कुणीतरी घेतली आणि पोलीस ती ओढून घेऊन गेले, चोरीची निघाली. त्या रात्री जेवताना हे एवढंच म्हणाले, "आणखी एक भाकर दे." मला ते पुरलं. पुढं यांनी जुनी जीप घेतली तेव्हा विकणाऱ्याला स्वतःच सांगितलं, "थांबा, नंबर आमच्या घरून पाहतीन." घरून म्हणजे मी.

आणि तुम्ही. सातबारा, मोजणीचे नकाशे, कोर्टाची नोटीस, घरातला प्रत्येक कागद त्या दिवसापासून आधी माझ्या हाती आला. बुलढाण्याला मास्तरकीच्या वर्गासाठी जागा निघाल्या तेव्हा अर्ज तुम्हीच आणवलात, आणि सासूबाई रुसल्या तेव्हा म्हणालात, "दोन वर्सं मी हातानं चहा करीन." केलात. फार वाईट करायचात, कडू. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, मामाजी. त्यातल्या कितीतरी मुली आज खुर्चीवर बसून सह्या करतात.

हे पत्र मी कुणाकडं देणार? घडी करून माझ्याच ट्रंकेत ठेवीन. फक्त एक गोष्ट. तुम्ही मरेपर्यंत समजत राहिलात की मी यांच्या भेवानं खोटं बोलले, आणि मी तुम्हाला तसं समजू दिलं. भेव नव्हतं. ती लाल गाडी दारात आल्यापासून मला तिच्यात बसायचं होतं, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून, पार अजिंठ्याच्या घाटापर्यंत. यांच्यापेक्षाही मलाच ती जास्त हवी होती.