बाईंचा किल्ला, मागच्या बाजूने

बाई, तुमच्या त्या जर्मन गावाला मी अखेर जाऊन आले. तुम्ही वारलात त्याला सात वर्षं झाली, तेव्हा आता हे सांगण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण या विषयावर तुमच्याशी बोलताना मला कधीही वाक्य पुरं करता आलं नाही.

त्र्याहत्तर सालचा दोह्यातला हिवाळा. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच मराठी मुलं शिकायला बसलो आहोत. पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून तुम्ही टेबलावर नकाशा पसरता. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायच्या तर डोंगर हवा, आणि कतारमधली सर्वांत उंच जागा म्हणजे बांधकामावरचा वाळूचा ढीग, असं तुम्हीच म्हणायचात. सह्याद्रीचे तसले नकाशे देशाबाहेर आणायला परवानगी नव्हती. म्हणून तुमच्या यजमानांच्या, आमच्या काकांच्या, कंपनीतल्या जर्मन इंजिनिअरने दिलेला त्याच्या गावाचा नकाशा आमच्या नशिबी आला. नदीचं वळण, वळणात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्या टोकावर किल्ला, पायथ्याशी तटबंदीतलं गाव, एक चर्च, दोन वेशी. सोबत जर्मन भाषेतली पुस्तिका. तुम्हाला जर्मन येत नव्हतं. चित्रं बघून तुम्ही इतिहास ठरवायचात आणि आम्ही तो वहीत उतरवायचो. याचा मला आजही राग येतो.

किल्ला तिथेच का बांधला, या प्रश्नाचं उत्तर एकाने इंग्रजीत दिलं.

“मराठीत बोल. किल्ल्याला इंग्रजी कळत नाही.”

“बाई, त्याला मराठी तरी कुठे कळतं?”

सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मग तुम्ही सांगितलंत की हा किल्ला कधीच पडला नाही, कारण त्याला चारही बाजूंनी कडा आहे. मी अकरा वर्षांची होते आणि मी रेषा मोजल्या होत्या. तीन बाजूंना त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे तिथे कडा. चौथीकडे, जिथे सोंड मागच्या पठाराला मिळते, तिथे दोन रेषांत बोटभर अंतर होतं, म्हणजे जवळजवळ सपाट.

“बाई, मागून चालत येता येईल,” मी म्हणाले.

“मोठी सरदार लागून गेलीस! आधी पोहे संपव.”

सगळे पुन्हा हसले. या वेळी मला.

सर्व्हेच्या शिक्षणासाठी मी जर्मनीला निघाले तेव्हा तुम्ही आजारी होतात. नाशिकला परतायची खोकी दारात बांधून ठेवलेली. निरोप घ्यायला आले आणि तिथेही मी तोच विषय काढला. तुम्ही दमून म्हणालात, “असेल गं बाई. आता जातेच आहेस तर बघून ये आणि मला लिही. पण खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून नको.”

तर खरं काय ते असं. या वर्षी ऑफिसच्या कामाला जोडून मी गेले. गावातून न चढता मुद्दाम मागच्या पठारावरून आले. चढ नव्हताच, नकाशात होतं तसंच. किल्ला शंभर पावलांवर आला आणि थांबावं लागलं. समोर खडक उभा कापून काढलेला खंदक, सोंडेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तीन मजले खोल, पण इतका अरुंद की तुमच्या नकाशाच्या प्रमाणात मावलाच नसता. तिकीट देणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, गाव दोनदा जळलं, किल्ला कधीच पडला नाही. “हल्लेखोर मागूनच आले होते,” त्याने बोट दाखवलं, “इथपर्यंत.”

म्हणजे तुमचं कारण साफ चूक आणि उत्तर बरोबर. माझं निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक. न वाचता येणाऱ्या पुस्तिकेवरून! अशा माणसाशी वाद तरी कसा घालायचा, बाई?

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. मी शिकत होते तिथून ते गाव बसने दोन तासांवर होतं. पहिलं वर्षभर तुम्ही हयात होतात. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारलेलं असायचं, “गेलीस का?” परीक्षा आहे, बर्फ आहे, असं मी कळवत राहिले. त्या वर्षी बर्फ दोनच आठवडे पडला होता. आपण चुकलो असू, या भीतीने मी गेले नाही.