बारावी सुई आणि ताईची बैठक

मी, गादीकाम करणाऱ्या घरातला धाकटा मुलगा, वय वर्षे तेवीस, घरी आणि कारखान्यात ‘भिंगरी’ म्हणून ओळखला जाणारा, हल्ली मुक्काम जिथे गादी फाटली असेल तिथे, आज पूर्ण शुद्धीवर आणि भरल्या पोटी, कोणी दटावलं म्हणून नव्हे तर आपल्या मर्जीने पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. दटावणाऱ्या एक बाई शेजारी बसल्या आहेत, पण त्या शुद्धलेखनापुरत्या. त्यांच्याविषयी पुढे येईल.

मला आजार नाही. मग एवढ्यात मृत्युपत्र कशाला, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी पत्रं उघडत नाहीत. सहा वर्षांत एकोणीस पाठवली, एकोणीस परत आली, डिंकसुद्धा न सुटलेली. पण मृत्युपत्र म्हटलं की अण्णांनाही ते उघडावं लागेल. सबब, हा कागद माझ्या मरणाची वाट न बघता हाती येताच उघडावा. मरणाचं मी नंतर बघतो.

कलम १. घर व खोली. माझ्या मालकीचं घर नाही. कारखान्याच्या माडीवरची खोली, जिच्या खिडकीतून कापसाचा ढीग दिसतो, तिच्यातला माझा वाटा मी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला देतो. खिडकीचं दार वर उचलून मग ओढावं लागतं. तिला माहीत आहे, पण कागदावर असलेलं बरं.

कलम २. हत्यारे. मोठी कात्री, दोन दाभणं, पितळी अंगुस्तान आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक हेही ताईला. अंगुस्तान तिच्या बोटाला सैल होईल, आतून चिंधी लावावी. होकायंत्र मात्र माझ्याजवळच. त्याची सुई नेहमी एकीकडेच बघते, आणि बाई म्हणतात, “तुझ्यापेक्षा तिला अक्कल जास्त.”

सुईचा विषय निघालाच आहे तर लिहितो. फिरताना मी सुया फार पाहिल्या. चांभाराची, चामड्यात शिरणारी तिधारी. बुरुड टोपलीला लावतो ती, जवळजवळ लाकडाचीच. जाळी विणणाऱ्यांची, जिला सुई म्हणायला माझी जीभ आधी रेटेना. विणकामाच्या बिननेढ्याच्या दोन, जुन्या तबकडीवर गाणं उकरणारी एक, आणि डॉक्टरची, जिच्या पोटातून दोऱ्याऐवजी औषध जातं. पण आमच्या आजोबांच्या डबीत आहेत तशा वाकड्या, चंद्रकोरीसारख्या, गादीची कड आत वळवून बांधणाऱ्या सुया मला कुठेच दिसल्या नाहीत. गर्वाने लिहितो, आणि गर्व खोडायचा नाही असं बाईंशी ठरलेलं आहे.

डबीच्या झाकणावर आजोबांनी खिळ्याने कोरलंय, ‘सूचि १२’. शाळेत मला सूची म्हणजे यादी असं शिकवलं होतं, त्यामुळे लहानपणी मी डबी उपडी करून यादी शोधली आणि अण्णांचा मार खाल्ला. सूचि हे सुईचंच जुनं नाव, हे मला यंदा कळलं. मार परत घेता येत नाही, पण नोंद असावी.

कलम ३. जुने हिशेब, मनातले. शिलाईयंत्र विकायला आलेला तो गृहस्थ, जो आमच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला होता, “हातसुई आता संपली हो,” त्याला मी माझी फाटकी पिशवी ठेवतो. तिची कड त्याने यंत्रावर शिवून दाखवावी. कारखान्यातले थोरले कारागीर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी माझं नाव भिंगरी ठेवलं. त्यांना मी क्षमा करतो, कारण नाव बरोबर आहे. आत्ताही मी मूळ मुद्दा सोडून पिशवीवर घसरलो होतो.

कलम ४. सुई. सगळा कागद या कलमासाठी आहे.

आमच्या कारखान्याचा नियम बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. गाद्या शिवायच्या बैठकीवर चौघं बसत: अण्णा, मामा, ताई, मी. सकाळी प्रत्येकाला डबीतून तीन सुया मिळत, संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या ओळीत तीन परत खोवायच्या. बारा भरल्याशिवाय एकही गादी दाराबाहेर जात नाही. एक कमी पडली तर दिवसभराच्या सगळ्या गाद्या उसवायच्या. आणि ज्याच्या ओळीत सुई कमी, तो पुन्हा बैठकीवर बसत नाही. लोक आमच्या गादीवर तान्हं मूल निर्धास्त टाकतात ते या नियमामुळे. आजोबांनी केला, अण्णांनी पाळला.

मी सतरा वर्षांचा होतो. वसतिगृहाच्या वीस गाद्या तयार होत्या आणि गाडी दुपारीच दारात येऊन उभी राहिली. चालक भोंगा वाजवत होता. त्याने मला नदीपलीकडच्या कुस्त्यांना सोडायचं कबूल केलं होतं. अण्णा आतून ओरडले, “सुया बरोबर?” मी माझ्या ओळीकडे पाहिलं. दोन होत्या. मी म्हणालो, “बरोबर.” अण्णांनी डबी न बघता गाडी सोडली. मी गाडीतच होतो.

संध्याकाळी परतलो तेव्हा ताई हात धुवायला गेली होती. तिच्या ओळीतली मधली सुई काढून मी माझ्या ओळीत खोवली. तेवढंच केलं. टाका घालायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही.

अण्णांनी डबी उघडली. ताईच्या ओळीत दोन.

ती खाली वाकली, माझ्या ओळीकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. अण्णा सुया मोजतात, ताई सुया ओळखते. तिच्या सुयांना तिच्या अंगठ्याचा बाक असतो. ती म्हणाली, “हरवली असेल माझीच.”

अण्णांनी वसतिगृहात निरोप धाडला. तिथले म्हणाले, गाद्या खोल्यांत वाटल्या, मुलं झोपलीसुद्धा, आता कोण उसवणार. दुसऱ्या दिवसापासून ताई बैठकीवरून उठली. आमच्यातला सगळ्यात बारीक टाका जिचा, ती त्या दिवसापासून कापूस भरते आणि गिऱ्हाइकाला पाणी देते.

दीड महिन्याने मी पिशवी उचलली. ताई दारात उभी होती.

“शोधायला चाललास की पळायला?”

“दोन्ही.”

“मग शोधायचं आधी कर.”

“तू अण्णांना सांगितलं का नाहीस?”

“तुला अजून कड वळवता येत नव्हती. तुला उठवलं असतं तर तू कुठे शिकला असतास? जा आता, नाहीतर रडशील, आणि तू रडताना फार वाईट दिसतोस.”

वसतिगृहाने मला गाद्यांना हात लावू दिला नाही, पुढच्या वर्षी ते बंद झालं आणि वीस गाद्या वीस वाटांनी गेल्या. गवताच्या गंजीत सुई शोधतात असं ऐकलं होतं. मी कापसाच्या शोधली. भंगारवाला, धर्मशाळा, नावाड्याची खोली, एक दवाखाना, एक कुत्रा. होय, एक गादी कुत्र्याची होती, आणि त्याने ती फुकट उसवू दिली नाही. दारात जायचं, “गादी मोफत नीट करून देतो” म्हणायचं, कड उसवायची, लोहचुंबक फिरवायचं, हाताने चाचपायचं, पुन्हा शिवायचं. अशा सोळा शिवल्या. आज माझी कड अण्णांच्या कडेशेजारी ठेवली तर मामा ओळखणार नाहीत. हेही गर्वाने लिहितो.

सतरावी या बाईंकडे निघाली. बाई निवृत्त शिक्षिका. लिलावात घेतलेल्या त्या गादीवर त्या तीन वर्षं झोपत होत्या.

“डाव्या कुशीवर टोचतं रे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात संधिवात.”

“औषध काय देतात?”

“सुया देतात. दर महिन्याला एक.”

डाव्या कडेत, नेढ्यात आमच्या कारखान्याच्या निळ्या दोऱ्याचं टोक अजून अडकलेलं, अशी ती सुई मिळाली. मी जमिनीवरच बसलो. बाईंनी ती दोन बोटांत धरून उजेडाला नेली आणि म्हणाल्या, “म्हणजे सुईच्या दुखण्यावर मी तीन वर्षं सुया टोचून घेतल्या.” मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसून झाल्यावर मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माझी नंतर. आधी जिची मागायची तिची माग. लिहून माग, बोलताना तू विषय बदलतोस.”

कलम ५. बैठक. वरील कारणाने मी जाहीर करतो की सुई माझी हरवली, ताईची नाही. माझ्या ओळीतली मधली सुई ताईची आहे, ती काढून तिच्या ओळीत खोवावी. बैठकीवरची माझी जागा, माझा वारसा म्हणून जे काही असेल ते, आणि त्या बैठकीवर बसायचा मान मी ताईला देतो. खरं तर तो तिचाच आहे. चोरलेली वस्तू देतो म्हणणं बरोबर नाही, पण बाईंना इथे दुसरं क्रियापद सुचलं नाही. नियमाप्रमाणे मी पुन्हा बैठकीवर बसणार नाही. मी फिरता बरा आहे.

अण्णा, त्या दुपारी डबी तुम्हीही उघडली नव्हती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, कारण ताईने दोघांचं ओझं एकटीने उचललं, आणि आपल्या घरात सुंभ जळतो पण पीळ जात नाही.

कलम ६. वडील. अण्णांना मी काहीही ठेवलेलं नाही. कात्री नाही, पिशवी नाही, दोऱ्याचं टोकही नाही. हे रागाने नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला साक्षीदार तुम्ही हवे आहात.

कलम ७. सही. सही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत करायची असते, म्हणून अजून केलेली नाही. सुईही या कागदाला टोचलेली नाही, कारण कागदात सुई ठेवून पाठवायची नाही हे मला तुम्हीच शिकवलंत. ती माझ्याजवळ, बुचात खोचून ठेवली आहे. ज्याने हरवली त्यानेच आपल्या ओळीत खोवायची.

कागद घेऊन आलेला माणूस समोरच्या चहाच्या दुकानाचा मालक आहे. त्याच्या बाकावर मी आणि बाई बसलो आहोत. इथून कारखान्याचं दार दिसतं, आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली ताई दिसते. तिने अजून मला पाहिलेलं नाही. डबी बंद करायची वेळ होत आली आहे. हाक मारा, म्हणजे येतो, सही करतो, आणि बारा मोजून घ्या.

लिहून देणार: भिंगरी (सही बाकी)

साक्षीदार पहिल्या: निवृत्त शिक्षिका, सतराव्या गादीच्या मालक (बाकावर हजर, पेन त्यांच्याकडे)

साक्षीदार दुसरे: .................... (वडील)

स्थळ: कारखान्यासमोरचं बाक

दिनांक: आजचा, बुधवार, डबी बंद होण्याआधी