कोरा चंबू

३ जुलै
पोहोचले एकदाची बिएन होआला! बेन त्रेहून निघताना आईने दिलेल्या नारळाच्या वड्या बसमधल्या शेजारच्या आजीनेच निम्म्या संपवल्या, आणि वर विचारलं की नोकरीचं झालं, आता नवऱ्याचं काय? प्रयोगशाळा छान आहे, थंडगार. आमचे मुख्य लुओंगकाका रोज सकाळी मोठ्या यंत्रासमोर फळं ठेवून उदबत्ती लावतात. म्हणाले, ह्याचा स्वभाव माझ्या सासूसारखा आहे, आधी हात जोडायचे आणि मग काम सांगायचं. दुपारी जेवणं झाली की दिवे मालवून सगळे टेबलांच्या मध्ये घडीच्या खाटा टाकून झोपतात. माझ्या शेजारची न्यान पडल्यापडल्या घोरायला लागते. मला इथे आवडणार असं दिसतंय.

७ जुलै
काम समजलं. विमानतळामागच्या तळ्याच्या गाळात युद्धात विमानांतून फवारलेलं विष, डायॉक्सिन, अजून बसून आहे. गाळातून ते माशात जातं, माशातून माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधात. आम्ही ते मोजतो. प्रत्येक खेपेत नमुन्यांबरोबर एक कोरा चंबूही चालवायचा, म्हणजे त्यात दूध नाही, रक्त नाही, नुसतं द्रावक. त्यात काही सापडलं तर ते आपल्या काचेचं किंवा हाताचं. थोडंसं असेल तर तेवढा आकडा सगळ्या नमुन्यांतून वजा करायचा, जास्त असेल तर अख्खी खेप रद्द. चंबू तीनदा धुवायचा आणि मग भट्टीत भाजायचा, हे काकांनी मला चार वेळा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

१२ जुलै
तळ्याकाठच्या गल्लीत दुधाचे नमुने घ्यायला गेले. तिथली एक बाई फार आवडली. घरातलं शेंडेफळ म्हणून सगळे तिला ऊत म्हणतात. माझ्याहून मोठी, म्हणून मी ऊतताई म्हणते. तिची चौदा महिन्यांची मुलगी जन्मली तेव्हा लालबुंद आणि वाकडी होती, म्हणून लाडाचं नाव कोळंबी. ऊतताईने मला पाहताच सुनावलं, की पोरी, तुला वाऱ्याने नेलं तर मी जबाबदार नाही, जेवत जा!

मग दुधाची बाटली माझ्या हातात देताना तिने घरचं सगळं सांगितलं. नवरा तळ्यात जाळं टाकतो, पण तपासणीचं कळल्यापासून तीन आठवडे तिने त्या माशाचा तुकडाही घरात शिजू दिलेला नाही. आकडा वाईट आला तर सगळं सोडून दिराकडे डोंगरात जायचं, चांगला आला तर इथेच राहायचं आणि कोळंबीला माशाची पेज सुरू करायची. म्हणाली, शिकलेली तू आहेस, तू सांगशील तसं करू. दूध जेमतेम निघालं, एका खेपेपुरतं.

१८ जुलै
आज एक चूक झाली. कोऱ्यासाठी ठेवलेल्या चंबूला तडा गेला होता. दुसरा हाताशी होता, कालच त्यात तळ्यातल्या मागुर माशाची चरबी काढली होती. सगळे खाटा टाकत होते, मलाही झोप येत होती. एकदाच खळबळून घेतला आणि भाजला नाही. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं.

२२ जुलै
कोऱ्यात खूपच विष सापडलं. आकडा दोनदा तपासला, तोच. खेप रद्द करायला हवी होती. पण ऊतताईचं दूध संपलेलं, आणि काकांना सांगायचं म्हणजे तिसऱ्याच आठवड्यात नाक कापून घ्यायचं. मी कोऱ्याचा आकडा वजा केला. ऊतताईचा आकडा खरा तर भयंकर होता. वजा केल्यावर जवळजवळ काहीच उरलं नाही. काकांनी सही केली आणि शाबासकी दिली.

२५ जुलै
ऊतताई स्वतः आली. मातीच्या भांड्यात गूळ-मिरी घालून आटवलेला मासा घेऊन. तळ्यातलाच. तपासणीच्या निकालाचा कागद तिने देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावलाय. कोळंबीने पहिल्याच दिवशी दोन वाट्या पेज खाल्ली, असं हसून हसून सांगत होती. न्यानने भाताबरोबर मासा चाटूनपुसून संपवला. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. खोटारडी आहे मी. तिच्या मागे धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी तिचं भांडं घासत बसले.

३० जुलै
नवी खेप. खोक्यातला नवाकोरा चंबू, तीनदा धुतला, रात्रभर भाजला. कोऱ्यात तोच आकडा. त्याहून थोडा जास्तच. आणि तळाशी चरबीचं पिवळट कडं! नुसत्या द्रावकात चरबी येईल कुठून? न्यानने तिचा चंबू चालवला तर स्वच्छ. माझाच असा येतो. मी पुन्हा वजा केलं. आणखी सहा बायकांना चांगले कागद गेले.

४ ऑगस्ट
कडं बोटभर जाड झालं. तराजूवर चौदा ग्रॅम भरलं. कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. ऊतताई बाजारात भेटली आणि ओरडली, की अगं, आरशात तरी दिसतेस का? कडेवर कोळंबी होती, हनुवटीला पेज लागलेली. सांगणार होते. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर भाजी काय भाव मिळाली!

९ ऑगस्ट
दुपारी सगळे झोपलेले असताना चंबूला हात लावला. कोमट होता. आतली चरबी माणसाच्या अंगाची असावी तशी मऊ. घाण वास नाही. माझ्या केसांना येतो तसला खोबरेलाचा वास.

माझं रक्त काढलं. उद्या चालवते.

११ ऑगस्ट
शून्य. जगात कुणाचंही रक्त काढा, थोडं तरी सापडतंच. माझ्यात काहीच नाही. चरबीसुद्धा नाही. कोरा चंबू असा यायला हवा होता.

ऊतताईच्या आकड्यातून जे वजा केलं ते माझ्यातून वजा होतंय —

१३ ऑगस्ट
हजेरीच्या यंत्राने बोट ओळखलं नाही. न्यानने तिची खाट माझ्या खाटेवरच टाकली. मी खाटेवर होते. ओरडले. ती घोरायला लागली.

काकांपुढे उभी राहून सगळं कबूल केलं. शब्दन् शब्द. त्यांनी उदबत्ती लावली आणि न्यानला विचारलं की ती बेन त्रेची मुलगी न सांगताच निघून गेली का? चांगली होती हो, म्हणाले.

तीन आठवडे माझ्याकडे आवाज होता. तीन आठवडे! तेव्हा मी भाजीचा भाव विचारत बसले.

१४ ऑगस्ट
ऊतताईकडे. दार उघडं. तिच्यासमोर बसलेय. कोळंबी मांडीवर. भिंतीवर माझा कागद — काढायला गेले — हातात येत नाही. वही तेवढी धरता येते. अजून.

ती पेज फुंकते आहे. चमचा —

लिहून तिच्या पायाशी ठेवते. वाचेल. वाचेलच.

ऊतताई, तो कागद खोटा आहे. मी केला खोटा. चूक माझी, तुझी काही नाही. आजच निघा, दिराकडे — आणि कोळंबीला तो मासा देऊ न