सतरा नंबरचा पंचा

खापा, ३ जानेवारी २०२५

चि. अंजूस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, अक्षर बघ! सहा वर्षांनी ओळ सरळ चालली आहे. डॉक्टरांनी मेंदूत बारीक तार घातली, यंत्र सुरू केलं आणि हाताचा कंप गेला. अजून खरं वाटत नाही. कपबशी वाजत नाही, त्यामुळे माझा चहा कधी संपला ते तुझ्या आईला कळत नाही.

काल मागावर बसलो. नव्या ताण्याचा पहिला पंचा आपल्या घरात शिकवणाऱ्याला देतात. तू मेंदूच्याच प्रयोगशाळेत आहेस, तर सांग, ही विद्या डॉक्टरांना कोणी शिकवली? पंचा त्याचा.

तुझे बाबा, ईश्वरदास

नागपूर, ९ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून रडले. पण उत्तर जड आहे. ही विद्या बरीचशी माकडांकडून आली. औषध टोचून त्यांना तुमचाच कंप दिला, मग तो थांबवायची जागा त्यांच्या मेंदूत शोधली. शेवटी बहुतेकांना मारून मेंदू तपासले.

आमच्याकडेही एक माकडीण आहे. नाव नाही, सतरा नंबर. नवी तार चालू केली की तिचा हात थांबतो. ती शेंग सोलते आणि आपल्याच बोटांकडे बघत राहते.

आता प्रयोग संपला. तिचा मेंदू कापायचा की तिला प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडायचं, यावर प्रयोगशाळेच्या समितीने माझं मत मागितलं आहे. कापला तर तुमच्यासारख्यांचं भलं लवकर होईल. काय लिहू? तिला ते औषध मीच टोचलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपली अंजू

खापा, १४ जानेवारी

चि. अंजूस आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, की तुमाले डॉक्टरनं सही तरी मागितली होती, तिले कोणी इचारलं काय? सही जमेना म्हणून मी अंगठा दिला होता. अंगठा तर तिलाही आहे.

ज्यांच्या जिवावर माझा हात थांबला, त्यांचा निवाडा मी कोणत्या तोंडाने करू? मत तूच लिही. पंचा पाठवतो आहे. जगली तर तिला अंथरायला दे, नाहीतर त्यातच गुंडाळ.

तुझे बाबा

नागपूर, २ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

सोडा, असं लिहिलं. समितीने मानलं. सोबत काम करणारी नूपुर माझ्याशी बोलत नाही. तुझ्यामुळे कोणीतरी आजारी माणूस आणखी दोन वर्षं थरथरेल, म्हणते. ते खोटं नाही.

निवाऱ्यात यंत्र सांभाळणारं कोणी नाही, म्हणून नेण्याआधी तार काढावी लागली. सतराचा कंप परत आला आहे, तुमचा होता तसाच. ती उन्हात पंचा मांडीवर घेऊन बसते. कडेचा एक धागा तिला ओढायचा असतो. चिमटीत येतो, सुटतो, ती पुन्हा धरते. काल तासाभराने निघाला. तिने तो डोळ्यांसमोर धरला आणि किती वेळ बघत राहिली. मला तिथून उठवेना.

हात जपा, बाबा. आईला नमस्कार, आणि माझ्यावर माया असू द्या.

आपली अंजू