आपली खिडकी परत पाठवतो आहे

ग्रिझेल, देव तुला, लेकीला आणि नातीला सुखात ठेवो.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मेंढ्या विताहेत, हात मोकळा होत नाही. तब्येत ठणठणीत आहे. लापशीत दूध भरपूर असतं. नवा मालक म्हणाला, "म्हातारा जुन्या हाडाचा आहे." मे महिन्यात तुम्ही आलात की घर मिळणार, हे पक्कं.

काल शिरगणतीचे मास्तर आले. "आजोबा, तुमच्या घराला खिडक्या किती?" मी म्हटलं, "एक, आणि ती इथं माझ्या खाटेखाली आहे." गडी हसायला लागले. मुकादम म्हणाला, "गॅव्हिन, इथल्या घरांना मालकाच्याच काचा आहेत. बायकोला उघड्या भोकासमोर बसवून आलास होय?"

आजवर मालकांची घरं बिनकाचेचीच मिळाली, म्हणून प्रत्येक घर सोडताना आपण आपली खिडकी काढून नेली. तुम्ही यायच्या आत बसवून ठेवावी, म्हणून मी ती आधीच आणली. आता जिवाला घोर लागला आहे. भोकाला पोतं दुहेरी लावलंस ना? बेथियाचं अंथरूण नेमकं त्याच्याखाली आहे. तिला चुलीजवळ निजव. तू कळवलेला तिचा खोकला साधाच असेल म्हणा, पोरांना होतो.

वॉट गाडीवानाबरोबर खिडकी पाठवतो आहे, पेंढ्यात नीट गुंडाळून. मेरियन बसवील, तिला येतं. मास्तर तिकडे आले तर एक खिडकी म्हणून सांग.

नातीचा खोकला उतरला का, ते मेरियनकडून लिहवून वॉटच्याच हाती दे. त्याला उत्तराशिवाय माघारी सोडू नकोस.

तुझा गॅव्हिन