शिवणाच्या डब्यातली बाटली

प्रिय खारूताई,

तू परवा गेलीस आणि घर पुन्हा घड्याळाच्या टिकटिकीएवढं उरलं. लहानपणी वीज कडाडली की तू माझ्या कुशीत शिरायचीस आणि मी शाळेतल्या कविता मोठमोठ्यानं म्हणायचो. तुझी आई म्हणायची, "विजेपेक्षा तुम्हीच जास्त गडगडताय!" काल त्यातलीच एक पुटपुटत होतो. दुसऱ्या ओळीपुढे जीभ वळेना.

झालं असं, की सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून आईचा शिवणाचा डबा उघडला. तळाशी, रिळांखाली, तुझ्या गोळ्यांची बाटली. सीलसुद्धा न फोडलेली. दिवस राहिल्यावर तपासणीत एचआयव्ही निघाला, तेव्हा तू रडत मलाच फोन केला होतास. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात म्हणालीस, आणि मी वेडा निर्धास्त झालो. आधी वाटलं, बाटली विसरलीस. पण विसरलेली वस्तू रिळांखाली जात नाही गं. लहानपणी कडू औषधं तू तिथंच दडवायचीस.

तसाच, बिनबटणाच्या सदऱ्यात, दवाखाना गाठला. तिथली नर्स म्हणाली, "आजोबा, आधी बसा, नाहीतर तुम्हालाच खाट द्यावी लागेल." मग नीट समजावलं. आईनं रोज गोळ्या घेतल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला जन्मताच औषध मिळालं, तर त्याला लागण होण्याची भीती अगदी थोडी उरते. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो. मी विचारलं, गोळीनं बाळाला काही होणार नाही ना? "अहो, गोळीच त्याला राखतेय. हिला घाबरवलं कुणी?"

कुणी ते मला ठाऊक आहे. पोटुशीनं डोकेदुखीचीसुद्धा गोळी घ्यायची नाही, हा तुझ्या आईचा कायदा. तुझ्या वेळी तापानं फणफणली, तरी ओल्या फडक्यावर दिवस काढले. ती गेली, आणि तू अजून तिची आज्ञा पाळतेस. माझी गुणी पोर! या गुणीपणाचंच मला भय वाटतं.

फोनवर तू "हो बाबा" म्हणून विषय बदलशील, म्हणून जावयांना आजच बोलावून त्यांच्या हाती बाटली आणि हे पत्र देतोय. अगं, ती ओल्या फडक्यावर राहिली ती तुला जपायला. आज असती तर स्वतः पाण्याचा पेला घेऊन तुझ्यापुढे उभी राहिली असती. तिच्या वतीनं मी सांगतो, घे. मग दवाखान्यात जा आणि किती दिवस चुकले ते न लपवता सांग. आणि मला फोन कर. तोवर तिसरी ओळ काही आठवायची नाही.

तुझाच,
गडगडायचं विसरलेला बाबा