मचूळ पाण्यावरच्या गाई

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. कॉलेजच्या गोठ्यात तुम्ही हौदात बोट बुडवून पाणी चाखायचात, मग पेंडीचा तुकडा दाढेखाली धरायचात, आणि आम्ही मुली मागे ओढणी तोंडाला लावून हसायचो. ती नुसती सवय होती, की त्यातून तुम्हाला खरंच काही कळायचं? एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, चारा हिरवागार आहे म्हणजे गाईला कशाची कमी नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "असं? मग आज डबा खाऊ नकोस, दोन पेंढ्या खा." पुढे आठवडाभर वर्ग मला डब्याबद्दल विचारत होता.

आता मी कतारमध्ये असते. बिन महमूद भागातल्या फ्लॅटमधून सकाळी निघते आणि अल रुवैसच्या अलीकडे एका फार्मवर जाते. मांसासाठी पाळलेल्या गाई आहेत. मालकांना त्या शेडमध्ये न बांधता कुरणावर चारायची हौस, म्हणून विहिरीच्या पाण्यावर गवत लावलंय. विजेच्या तारेनं पट्टे पाडलेत, रोज एक पट्टा मोकळा करतो. गवत पोटरीएवढं, तरी या हिवाळ्यात गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या. माजावर येईनात. कुठलंतरी वाळकं हाड नाहीतर पाण्याचा पाइप चघळत उभ्या राहायच्या. मालक म्हणाले, "डॉक्टर, गर्मी तक देखेगा. जो प्रेग्नंट नहीं, खलास." खलास म्हणजे कत्तलखाना, हे इथे कुणी फोड करून सांगत नाही.

हाडं चघळतात म्हणजे फॉस्फरस कमी, हे तुम्हीच शिकवलेलं. पण फॉस्फरस घातलेल्या चाटणविटा मी जागोजागी ठेवल्या होत्या, आणि त्यांचे कोपरे जसेच्या तसे! हाड चालतं, वीट चालत नाही, हे काय गौडबंगाल? मला गाईंचा राग यायचा आणि नवलही वाटायचं. विटेवर मळी ओतून पाहिली. मळी चाटून पुसून साफ, वीट तशीच. मग एका सकाळी गाडीत पाण्याची बाटली उघडताना लक्षात आलं, आम्ही सगळेच इथे बाटलीचं पाणी पितो. फार्मवरचं पाणी तपासलं होतं ते गवतासाठी. तोंडात कुणीच घेतलं नव्हतं. मी हौदात बोट बुडवलं. मचूळ, सर, चांगलंच मचूळ. मीठ त्यांना पाण्यातूनच मिळत होतं, मग खारट विटेला त्या कशाला जीभ लावतील? आपल्याला मीठ पुरे झालंय, हे गाईला कळतं तरी कसं? त्या हौदापाशी मी एकटीच हसले, आणि तुमची फार आठवण आली.

मग बिनमिठाचं खनिज गव्हाच्या कोंड्यात कालवून, तार उघडायच्या आधी घालायला लागले. हळूहळू हाडं सुटली, अंगं भरली, गाई माजावर आल्या. गेल्या आठवड्यात गाभण तपासणी केली, मालक स्वतः कुंपणाशी उभे. एकेक गाय गाभण निघत गेली, तसं त्यांचं "माशाल्ला! यल्ला, नेक्स्ट" चालू होतं. शेवटी एक तांबडी आली. पट्ट्याची तार उघडली की सगळ्यांच्या आधी घुसणारी, दोनदा माझा पाय तुडवलेली. हात आत घालून मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

"क्या हुआ, डॉक्टर?"

"अभी पक्का नहीं बोल सकती. अगले महीने फिर देखेंगे."

"इन्शाल्ला," मालक म्हणाले, आणि तांबडी परत कुरणात गेली.

मांसाच्या गाईवर जीव लावू नये, एवढी अक्कल मला आहे. लागला, त्याला काय करू? हे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिता येतंय. ती गाभण नाही, सर. पक्की खाली. बोटांना पहिल्या क्षणीच कळलं होतं.